जुन्या मूकपटाची रिळं सापडली तं घरोघरी दिसेपर्यंत काय करायचं

जत्रेत टुरिंग टॉकीज नेणाऱ्याच्या घरी किंवा जुन्या वाड्याच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे निघाले, तं प्रोजेक्टरवर लावून पाहू नका बाप्पा. सीपी-बेरार सर्किटच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाड भागात सिनेमे पुरवणाऱ्या, वितरकांची ऑफिसं अमरावतीत होती, म्हणून आपल्याकडे रिळं उरली असणं अशक्य नाही. देशात हजारावर मूकपट बनले, उरले मोजकेच, 'राजा हरिश्चंद्र'चे सुद्धा १४७५ फूटच शिल्लक आहेत, त्यामुळे अर्धा तुकडाही मोलाचा.

आधी फिल्मची कड पहा. सुती हातमोजे घाला, उजेडात धरा. 'सेफ्टी' (सहज न पेटणारी फिल्म) लिहिलेलं असलं तं थोडं निश्चिंत, व्हिनेगरसारखा वास आला तं ती सडायला लागली आहे. पण फिल्म ३५ एमएम रुंद असेल आणि 'नाइट्रेट' (झटकन पेटणारी जुनी फिल्म) लिहिलेलं असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तं ती नाइट्रेटच आहे असं धरून चाला, कारण मूकपटाच्या काळात ३५ एमएम बहुतेक नाइट्रेटवरच निघायची. ही पेटली तं पाण्याखालीही जळते, जळताना तिची तिलाच ऑक्सिजन मिळते. आणि सडलेली नाइट्रेट ४१ अंशाच्या आसपास बराच वेळ राहिली तं आपोआप पेटू शकते, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. टिनाखालून ती आजच काढा. घरात नको, कापूस भरलेल्या खोलीत नको, कडबा असलेल्या कोठ्यात तं मुळीच नको. वेगळ्या, सावलीच्या, हवेशीर जागी ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका कारण आतला वायू बाहेर निघाला पाहिजे. चिकट झाली असेल, फुगे आले असतील किंवा भुकटी होत असेल तं उलगडायचा प्रयत्नच करू नका.

एसटीत किंवा पार्सलने पाठवायची नाही, फार धोक्याचं आहे. फोटो काढा, डब्यावरचं नाव, कडेवरची अक्षरं लिहून घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा, १९६४ पासून हेच काम तिथे चालते. नेणं-आणणं त्यांच्या सल्ल्यानेच.

स्कॅनिंग करवाल तेव्हा दोन गोष्टी ठासून सांगा. आकसलेली फिल्म दातेरी चाकावर ओढायची नाही, आणि फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र, काठापासून काठापर्यंत घ्यायची. बोलपटात डावीकडे साउंडट्रॅकची पट्टी असते, मूकपटात तिथेही चित्रच असते, बोलपटाचं सेटिंग ठेवलं तं तेवढं चित्र कापलं जाते.

मग स्पीड, आणि सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १६ च्या स्पीडने एक फूट बरोबर एक सेकंद. ते १४७५ फूट अशा स्पीडने साडेचोवीस मिनिटं चालतील, २४ ने लावले तं साडेसोळातच संपतील आणि माणसं तुरुतुरु पळतील. ठरलेला एकच स्पीड नव्हता, म्हणून चालणारा माणूस, पडणारं पाणी पाहून १६, १८, २० लावून पहा. व्हिडिओ २४ चा बनवायचा तं १६ च्या फिल्मची दर दुसरी फ्रेम पुन्हा दाखवा, १८ ची दर तिसरी. एआयने मधल्या फ्रेम बनवू नका, त्या कॅमेऱ्याने टिपलेल्याच नाहीत.

साफसफाईत धूळ, ओरखडे, थरथर काढा, डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनवर थरथर काढता येते, धूळ-ओरखडे काढायची खास साधनं मात्र विकतच्या व्हर्जनमध्ये आहेत. पण दाणा, म्हणजे फिल्मवरचे मुळातलेच बारीक ठिपके, पुसू नका, चेहरे मेणाचे होतात. रात्रीला निळा, दिव्याला पिवळसर असा रंग मूळ प्रिंटवर असला तं तो ठेवा. मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या मूळ पाट्याही ठेवा, मराठी वेगळ्या सबटायटलमध्ये द्या.

कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे भारतातल्या मूकपटाचा इथे संपलेलाच. नव्या संगीतावर मात्र ते रचणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा हक्क असते, गावच्या भजनी मंडळातले पेटीवाले-तबलजी घ्या, पण लेखी परवानगी आणि पैसे दोन्ही द्या. गावात डीव्हीडी प्लेअर फारसे उरले नाहीत, म्हणून टीव्हीच्या पेनड्राइव्हवर चालेल अशी एमपी४ पण काढा, सुरुवातीला कोणता भाग गहाळ आहे, स्पीड कोणता धरला ते लिहा. आणि न सुधारलेला मूळ स्कॅन दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या गावी कोणाकडे तरी.