अळीव पेरण्याआधीची तयारी : एका गुंठ्यासाठी

अळिवाचं बी ओलं झालं की बुळबुळीत होतं आणि एकमेकांना चिकटतं. तयारीतला निम्मा भाग यातच आला. बी भिजवू नका, ओल्या हातानं धरू नका. गुंठ्याला साठेक ग्रॅम बी पुरतं. त्यात अडीच-तीन किलो चाळलेली, उन्हात वाळवलेली रेती मिसळून ठेवा. नुसतं बी चिमटीनं सोडलं तर सुरुवातीच्या ओळींतच संपतं. वाण्याकडचं बीही चालतं, पण भाजलेलं नको. ओल्या टीपकागदावर शंभर दाणे सुटे पसरून उगवण आधी पाहा. तीन-चार दिवसांत ऐंशी तरी उगवायला हवेत.

जागा निवडताना मागच्या हंगामात कोबी, फ्लॉवर, मुळा किंवा मोहरी होती ती टाळा. कूळ एकच, किडीही त्याच. दीडशे किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मातीत मिसळा, ढेकळं फोडा, वाफे सपाट करा. खोलगट भागात पाणी साचलं की रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. डिसेंबरवर गेलं तर फुलोरा उन्हात सापडतो आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) ही जास्त येतो. आधी वाफा भिजवा, वापसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली की, तीस सेंटिमीटरवर ओळी ओढा, बी जेमतेम एक सेंटिमीटर झाका. पेरल्यावर पाटानं पाणी सोडलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, काळ्या मातीवर पापुद्राही धरतो. म्हणून बारीक भोकांची झारी हाताशी हवी.

दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करून रोपांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. उपटलेला पाला तिखटसर लागतो, कोशिंबिरीत छान.

माव्यासाठी अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून दहा लिटर अर्क करा. निंबोळ्या आधीच आणून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. पांढरी, चार पाकळ्यांची फुलं आली की फवारणी संध्याकाळीच, मधमाश्या परतल्यावर.

ताडपत्री मात्र पेरणीच्या दिवशीच घरात असू द्या. चपट्या शेंगा तपकिरी झाल्यावर अवकाळी पाऊस झाला तर आतलं बी चिकटून वाया जातं. खालच्या शेंगा वाळल्या की दंव असताना सकाळी कापा, दुपारी शेंगा फुटतात. झोडणी, उफणणी झाली की बारीक चाळणीनं माती काढा. लाडवात कचकच लागते ती याच मातीची, आणि हे बी धुऊन घेता येत नाही.