पावसाळा संपला, आता पोलो: घोडा आणि स्वार दोघांना सीझनसाठी कसं तयार करायचं

सप्टेंबर सरत आला, मैदान टापांखाली रुतेनासं झालं की पुण्या-मुंबईकडच्या पोलोवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात. घोडे पावसाळाभर आरामात, पोटं सुटलेली, स्वारांचीही तीच गत. मग दहा-बारा दिवस घोडा फिरवतात, तो चार उड्या मारतो, जोरात पळतो, दमतही नाही, आणि सगळे म्हणतात झाला तयार. फसगत होते ती इथेच. घोड्याची छाती लवकर तयार होते, पाय उशिरा. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत साथ द्यायला लागतात पण टेंडन, लिगामेंट (स्नायू आणि सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्याच म्हणा) आणि हाडं मजबूत व्हायला महिने जातात, त्यामुळे दमाने पक्का आणि पायाने कच्चा असा घोडा सगळ्यात धोक्याचा, कारण तो स्वतः थांबत नाही. म्हणून पहिल्या मॅचची तारीख बघा आणि तिथून कमीत कमी 8 आठवडे मागे मोजा, लांब सुट्टी झाली असेल तर 10 ते 12. तेवढे नसतील तर पहिली टूर्नामेंट सोडून द्या, सरळ सांगतो.

आधी डॉक्टर आणि नालबंद, मग खोगीर

पावसाळ्यानंतर आपल्याकडे सर्रा डोकं वर काढतो. चावणाऱ्या मोठ्या माशांमुळे पसरणारा हा रक्तातला परजीवी, ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो, पोटाखाली आणि पायांना सूज येते, आणि सुरुवातीला मालकाला वाटतं की सुट्टीनंतर जरा सुस्त झालाय एवढंच. त्यामुळे रक्त तपासून घ्या. गोचीड लागलेत का ते कानात, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी बघा. बाहेरगावी स्पर्धेला न्यायचा असेल तर ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) टेस्ट आणि प्रवासाचे कागद आत्ताच विचारून ठेवा, रिपोर्टसाठी ऐनवेळी पळापळ नको. धनुर्वात आणि रेबीजची लस, शेणाची तपासणी करून जंताचं औषध, आणि दात. दातांकडे लोक बघतच नाहीत. दाढांच्या कडा धारदार झाल्या की लगाम ओढल्यावर गालाला लागतात आणि घोडा तोंड वर करतो, मग सगळे म्हणतात बिट (तोंडातली लोखंडी कडी) बदला.

खुरांचं सांगायचं तर ओल्या जमिनीवर महिनोन्महिने उभं राहून तळव्याचा मधला तिकोनी भाग काळा पडतो, घाण वास येतो, तिथे आधी उपचार. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो म्हणून नालबंदाची फेरी दर 4 ते 6 आठवड्यांनी ठरलेली हवी. पोलोसाठी पुढच्या पायांना आतली कड उंच असलेली नाल मारतात, पटकन वळताना पकड मिळते. पण पहिले काही आठवडे नुसतं चालणंच असतं, तेव्हा साधी नाल चालते.

अजून एक काम, फुकटचं. घोडा तबेल्यात शांत उभा असताना ताप, नाडी, श्वास वहीत लिहून ठेवा. ताप साधारण 37.5 ते 38.3 सेल्सियस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर बिघडलेला कसा कळणार.

आठ आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त चाल. कंटाळवाणं आहे, मान्य, पण रोज अर्ध्या तासापासून सुरू करून तासभरापर्यंत न्यायचं, तेही रेंगाळत नाही, ठणठणीत चाल. आपल्याकडे सईस (घोड्यांची निगा राखणारा) एका घोड्यावर बसून एक-दोन घोडे दोरीने सोबत नेतो, त्याला सेट म्हणतात, आणि पोलोच्या तबेल्यातली निम्मी तयारी या सेटमध्येच होते. मालक फक्त संध्याकाळी येऊन बॉल मारणार असेल तर घोडा खरा कोण तयार करतोय हे उघड आहे. म्हणून प्लॅन सईसला बरोबर बसवून करा. कुठला पाय रात्री गरम होता, कोणी चंदी (दाणा) अर्धी सोडली, हे त्यालाच आधी कळतं आणि तो "साहेब, आज नको" म्हणाला तर ऐकावं.

तिसऱ्या आठवड्यात ट्रॉट (दुडकी चाल) घ्या, आधी दोन-तीन मिनिटांचे तुकडे, मधे चाल. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तो 20 मिनिटं आरामात ट्रॉट करायला हवा. जमीन बघून हं, ऑक्टोबरात वरचा चिखल सुकून दगडासारखा होतो आणि डांबरी रस्त्यावर ट्रॉट म्हणजे सांध्यांची वाट. पाचव्या-सहाव्यात हळू कॅन्टर (हलकी दौड), डावीकडे आणि उजवीकडे सारखा, मोठे गोल मग लहान, थांबणं, मागे सरकणं. रोज एक पायरी वर चढायची नाही, एक दिवस जोराचा तर दुसरा हलका, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

सातव्यापासून स्टिक अँड बॉल, म्हणजे घोड्यावरून मॅलेटने (पोलोची लांब काठी) बॉल मारायचा सराव. इथे स्वारांना भान राहत नाही, एकाच घोड्यावर तासभर बॉल मारत बसतात. 15-20 मिनिटं पुरे. त्यानंतर हळू प्रॅक्टिस चक्का (मॅचचा एक डाव), सुरुवातीला अर्धा, मग पूर्ण. चक्का 7 मिनिटांचा दिसायला छोटा वाटतो, पण त्यात फुल स्पीड, ब्रेक, वळण, धक्का, परत स्पीड असं सतत चालू असतं, म्हणून तर प्रत्येक चक्क्याला घोडा बदलतात.

तयारी झालीय का हे बघायची सोपी पद्धत: जोराच्या कामानंतर 10-15 मिनिटं चालवा, मग डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. 60 च्या आसपास किंवा खाली आले तर पुढच्या आठवड्याला जा. नसतील आले तर हाच आठवडा पुन्हा. आणि रोज सकाळी कामाच्या आधी चारही पायांवरून हात फिरवायचा, ऊब, सूज, दाबल्यावर पाय झटकतो का.

ऑक्टोबर हीटमध्ये काम पहाटेच उरका. गरम घोड्यावर गार पाणी टाकू नये असं जुने लोक सांगतात, पण ते खरं नाही, भरपूर पाणी ओतत राहा, चालवा, परत ओता. प्यायलाही द्या, अडवू नका. घामातून मीठ जातं म्हणून चाटायला मिठाचा खडा ठेवा.

खाणं कामाच्या मागे, पुढे नाही

ज्या दिवशी काम सुरू त्याच दिवशी चंदी दुप्पट, ही फार जुनी खोड आहे. वैरण आधी. घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडं गवत, म्हणजे 450 किलोच्या घोड्याला रोज 7 ते 9 किलो. ओट, जव, भिजवलेला हरभरा हे काम वाढेल तसं हळूहळू, कुठलाही बदल आठवडा-दहा दिवसांत पसरून, आणि एका वेळेला 2 किलोच्या वर दाणा नको, पोटशूळाला आमंत्रण असतं ते. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा. नाही केला तर दुसऱ्या दिवशी काम सुरू झाल्यावर काही घोड्यांचे मागचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम फुटतो, लघवी गडद होते. असं दिसलं तर चालवून बघू वगैरे काही नाही, जागेवर थांबा आणि डॉक्टरला बोलवा.

रेसकोर्सवरून आलेला घोडा असेल तर

आपल्याकडे पोलोचे बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्यांना पळायला शिकवायचं नसतंच, थांबायला आणि एका हाताच्या लगामावर मानेने वळायला शिकवायचं असतं. त्यांच्यासाठी आठ आठवड्यांचा हिशोब विसरा, पहिला सीझन तर नुसत्या हळू चक्क्यांतच गेला तरी चालेल. मॅलेट आधी उभ्या घोड्याच्या अंगावरून, डोळ्यांजवळून हळू फिरवा, दोन्ही बाजूंनी, घाबरला तर थांबा.

सामान

पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी येतेच. पुसा, सॅडल सोप लावा, सावलीत वाळवा, मग तेल. उन्हात टाकलं की तडकतं. पण दिसायला चकचकीत म्हणजे मजबूत नव्हे, रिकिबीचे पट्टे, तंग (खोगिराचा पोटपट्टा), लगाम यांची शिवण एकेक करून ओढून बघा, एक टाका जरी सुटलेला असला तरी मोच्याकडे. वेताची मॅलेट दमट हवेत वाकते म्हणून टांगूनच ठेवा. पायांच्या पट्ट्या धुतलेल्या आणि सारख्या ताणाने बांधलेल्या हव्यात, एका जागी घट्ट बसली तर त्या पट्टीनेच टेंडन दुखावतो. शेपूट बांधायचं, आयाळ भादरायची, नाहीतर मॅलेट अडकते. हेल्मेटवर एकदा नीट आपटला असाल तर नवीन घ्या, किंमत बघत बसू नका.

आता स्वार

घोडा आठ आठवडे घाम गाळतोय आणि स्वार थेट मॅचला पोट घेऊन हजर, असं नको. अंगात जोर नसलेला स्वार लगामाला लटकून तोल सांभाळतो आणि त्याचा त्रास घोड्याच्या तोंडाला होतो. रोज ट्रॉटमध्ये रिकिबीत उभं राहून अर्धी बैठक धरा, दोन मिनिटांपासून सुरू करा, मांड्या पेटतील. आठवड्यातून दोनदा रिकीब सोडून बसा. प्लँक, स्क्वॉट, मनगटाचे व्यायाम, थोडं पळणं. फटक्यांसाठी लाकडी घोडा आहेच, त्याच्यावर रोज 50-60 शॉट मारले तर खरा घोडा वाचतो. मॅलेट उजव्या हातातच, डावखुऱ्यांनाही सूट नाही, मग त्यांनी तर जास्तच वेळ द्यावा.

आणि नियम परत वाचा. बॉल ज्या रेषेत चाललाय ती रेषा कोणाची, ती कधी आडवी कापता येत नाही, राइड-ऑफ करताना (समोरच्याला बाजूने रेटून रेषेवरून हटवताना) खांदा कुठल्या कोनात चालतो, हे सगळं जोरात पळताना आठवायला लागलं तर उशीर झालेला असतो. बहुतेक फाउल आणि बरेचसे अपघात याच रेषेवरून होतात.

चौघांनी एकत्र

टीम चार जणांची. मैदानात उतरण्याआधी एकदा जमिनीवर चालत चालत खेळून बघा, एक नंबर पुढे, चार नंबर मागे गोल राखणार, तीन नंबर सगळ्यांना हलवणार. ओरडायचे शब्द ठरवून घ्या, "सोड", "माणूस घे", "वळ", एवढे तीन-चार पुरतात, पण चौघांचे तेच हवेत. कुठला घोडा कुठल्या चक्क्याला हे कागदावर लिहून सईसकडे द्या. एखादा घोडा दोन चक्के खेळणार असेल तर मधे किमान एक चक्का विश्रांती, आणि तो सगळ्यात फिटच असला पाहिजे. एक घोडा राखीव, तयार अवस्थेत, बाजूला.

मॅचनंतर श्वास खाली येईपर्यंत चालवा, पाय गार पाण्याने 20 मिनिटं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घोडा कडक सपाट जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट करून बघायचा, डोकं वर-खाली झुलतंय का, म्हणजे लंगडतोय का. झुलत असेल तर पुढचा चक्का त्याचा नाही.