एल्ड्रिच हॉरर खेळताना या चुका टाळा

"मामा, आपण जिंकायलो का हारायलो?"

परभणीतली मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर, आणि टेबलावर जगाचा नकाशा पसरलेला. भाचीच्या या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. दोन तास झाले तरी जग बुडायचं नाव घेत नव्हतं. पत्त्यावर 'डूम (जगबुडीची उलटी मोजणी) पुढे सरकवा' आलं की मी इमानदारीनं सोंगटी 15 वरून 16 वर, 16 वरून 17 वर सरकवत होतो. म्हणजे आम्ही चौघं मिळून राक्षसाला झोपेच्या गोळ्या देत होतो.

एल्ड्रिच हॉरर हा बोर्डगेम 2013 साली फँटसी फ्लाइट गेम्सनं काढला. एक ते आठ जण एकाच बाजूनं खेळतात आणि समोर असतो एक प्राचीन राक्षस. खेळ अवघड नाही, पण इंग्रजी पत्ता वाचून मराठीत समजावून सांगणारा माणूस (आमच्याकडे मीच) वाचतावाचता नियम बदलतो. म्हणून आमच्या घरातला पहिला नियम: पत्ता आधी शब्दन् शब्द वाचायचा, मग सांगायचा. खालच्या बहुतेक चुका आधी सांगून मग वाचल्यामुळे झाल्या आहेत.

डूम पुढे म्हणजे आकडा खाली

डूमची सोंगटी राक्षसाच्या पाटीवर छापलेल्या आकड्यावर ठेवायची. अझाथॉथ या राक्षसासाठी तो 15, कथुल्हू या राक्षसासाठी 12. 'पुढे सरकवणं' म्हणजे शून्याकडे जाणं. पत्त्यानं डूम मागे घ्यायला सांगितलं तरच आकडा वर चढतो.

सोंगटी शून्यावर आली की राक्षस जागा होतो, आणि इथं दुसरी चूक होते. लोक खोका आवरायला घेतात. अझाथॉथ जागा झाला तर खरंच सगळं संपलं. कथुल्हूसारख्यांची मात्र पाटी उलटायची, मागचं वाचायचं आणि पुढे खेळायचं. खेळ अवघड होतो, पण जिंकायची वाट उरलेली असते. पाटी न उलटताच हरलो म्हणून आम्ही दोन डाव सोडून दिले होते.

डूम सरकण्याचं मोठं कारण म्हणजे ओमेन, नकाशावरची शकुनाची रंगीत घरं. ओमेनची सोंगटी एक घर सरकली की ती ज्या रंगावर थांबते त्या रंगाची जितकी गेट्स (राक्षस येतात ती दारं) नकाशावर उघडी असतील, तितकं डूम सरकतं. कुणी सगळीच गेट्स मोजतं, कुणी मोजायचंच विसरतं. ओमेनच्या चार घरांत हिरवा एकदा, लाल एकदा आणि निळा दोनदा येतो. त्यामुळे इतर कारण नसेल तर आधी निळं गेट बंद करा. आमच्या घरात याला 'निळी उधारी' म्हणतात, व्याज दुप्पट लागतं म्हणून.

फेरीत दोन कामं, पण वेगवेगळी

प्रत्येकाला एका फेरीत दोन अ‍ॅक्शन मिळतात. एकच अ‍ॅक्शन दोनदा करता येत नाही. दोनदा प्रवास नाही, दोनदा आराम नाही. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा भाऊजी इतके चिडले, की आधीच्या तीन जिंकलेल्या डावांचा हिशेब मागायला लागले. तिन्ही बाद धरले.

प्रवासाच्या अ‍ॅक्शनमध्ये एक घर फुकट जाता येतं. त्यापुढं जायचं तर आधी जमवलेलं तिकीट लागतं. रेल्वेचं तिकीट रेल्वेच्या रेषेवर आणि जहाजाचं जहाजाच्या रेषेवरच चालतं. एका वेळी दोनच तिकिटं ठेवता येतात. शहराला समुद्राची रेषा जोडलेली नसेल तर तिथं जहाजाचं तिकीट मिळत नाही. परभणी जंक्शनच्या खिडकीवर मुंबईहून एडनला जाणाऱ्या बोटीची चौकशी करून बघा, म्हणजे हा नियम आयुष्यभर लक्षात राहील. (नकाशावर हिमालय आहे, टोकियो आहे, परभणी नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांनी मन घट्ट करावं.)

आपण उभे असू त्या घरात राक्षस (प्राचीन नव्हे, नकाशावरचा साधा) असेल तर आराम करता येत नाही आणि खरेदीही नाही. पण निघून जायला राक्षस अडवत नाही. 2005 च्या अर्कहॅम हॉरर या खेळाची सवय असलेले इथं हमखास अडकतात, कारण त्यात राक्षसाच्या तावडीतून निसटायला फासे टाकावे लागायचे. इथं सरळ पाय काढता येतो.

क्लूवर उभं राहिलं म्हणजे क्लू मिळत नाही

ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. घरावर क्लूची (पुराव्याची) चकती दिसते, खेळाडू तिथं जातो आणि उचलून खिशात घालतो. तसं नाही. तिथं पोचल्यावर, एन्काउंटरच्या टप्प्यात (अ‍ॅक्शननंतर येतो तो), रिसर्चचा म्हणजे शोधाचा पत्ता उचलायचा. तो पार पडला आणि पत्त्यानं क्लू घ्या म्हटलं तरच क्लू आपला. नाहीतर चकती तिथंच राहते.

आणि त्याच घरात राक्षस असेल तर आधी त्याच्याशी गाठ. सगळे राक्षस मेले तरच पुढचा पत्ता उचलता येतो. गेटलाही हेच लागू. गेटवर राक्षस उभा असताना कुणी गेट बंद करायच्या गप्पा मारत असेल तर त्याला पाणी द्या.

मारामारीचा हिशेब

आधी मनाची परीक्षा, मग ताकदीची. पहिली विलची: फासे टाका, 5 किंवा 6 आले की एक यश. राक्षसाच्या हॉररच्या आकड्यातून यशं वजा करा, उरेल तितकी तुमची सॅनिटी (मनाचं आरोग्य) गेली. मग स्ट्रेंथची परीक्षा. इथं दोन गोष्टी एकदमच होतात: तुमची जितकी यशं तितकी राक्षसाची हेल्थ जाते, आणि त्याच्या डॅमेजमधून यशं वजा करून उरेल तितकी तुमची.

समजा राक्षसाचा डॅमेज 3 आणि हेल्थ 2. तुम्हाला दोन यशं मिळाली. राक्षस मेला, पण तुमचीही एक हेल्थ गेली. "मेला ना, मग मला कामून लागलं?" असं भाऊजी दर वेळी विचारतात. मरतामरता त्यानंही फटका मारला, इतकंच. राक्षस वाचला तर त्याची जखम त्याच्यावरच राहते. पुढच्या फेरीत तो पुन्हा ठणठणीत करू नका.

हत्यारांचा लोभही आवरा. एका परीक्षेत एकाच वस्तूचा बोनस धरायचा, सगळ्यांत मोठा. +2 चं पिस्तूल आणि +3 ची बंदूक दोन्ही जवळ असली तरी मिळतात +3, पाच नाही. मात्र कौशल्यात कायमची झालेली वाढ बोनसमध्ये मोजत नाहीत, ती वेगळी मिळवा. कितीही वजाबाकी झाली तरी एक फासा टाकायला मिळतोच. क्लू खर्च केला की एक फासा पुन्हा टाकता येतो. ब्लेस्ड (आशीर्वाद मिळालेले) असाल तर 4 लाही यश, कर्स्ड (शापित) असाल तर फक्त 6 ला.

मागची बाजू बघायची नाही

स्पेल (मंत्र) आणि कंडिशन (कर्ज, शाप अशा अवस्था) हे पत्ते दोन्ही बाजूंनी छापलेले असतात. मागं काय आहे ते पत्ता उलटायचा हुकूम येईपर्यंत बघायचं नाही. आमच्याकडे पत्ते लावतानाच भाचीनं सगळी पाठ वाचून घेतली होती. "काय वाईट होऊ शकतं ते कळायला पाहिजे ना!" अभ्यासू मुलगी, पण खेळाची भीती सगळी गेली. एकाच नावाच्या पत्त्यांच्या पाठी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे कर्ज घेताना सावकार कुठल्या जातीचा निघेल हे कळत नाही. खरेदीत दोन यशं जास्त मिळावीत म्हणून घेतलेलं ते डेट, म्हणजे कर्ज, पुढं किती महागात पडेल, याच धास्तीवर हा खेळ चालतो. आमच्याकडे आता पत्ते वाटायचं काम आईकडं आहे. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून.

रेकनिंगचं (हिशेब चुकता करायचं) चिन्ह आलं की क्रम असा: आधी राक्षस, मग प्राचीन राक्षसाची पाटी, मग चालू असलेले मिथॉसचे (फेरीच्या शेवटी उघडतात ते) पत्ते, शेवटी तुमच्या हातातलं. हा क्रम उलटा केला तर कधीकधी माणूस वाचतो. म्हणूनच तो उलटा करायचा मोह होतो.

वाद झालाच तर

खोक्यात पुस्तिका दोन आहेत. पहिली शिकायला, दुसरी संदर्भाला. दोघींत फरक दिसला तर दुसरीचं ऐका, आणि पत्ता दोघींपेक्षा वेगळं बोलत असेल तर पत्त्याचं. दोन्हींत काहीच सापडलं नाही तर लीड इन्व्हेस्टिगेटरची (फेरीत पहिला खेळणाऱ्याची) चकती ज्याच्याकडं असेल त्यानं निर्णय द्यावा आणि डाव संपेपर्यंत तोच पाळावा. आमच्याकडे तेव्हा लीड कुणाकडं आहे यावरूनच वाद होतो.