भाताच्या परागकोशातले लघु-आरएनए: या चुका टाळा

आजऱ्याला जाऊन घनसाळ भाताच्या पोटरीतल्या लोंब्या कापायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायच्या आणि एसटीने कोल्हापूरला आणायच्या. एमएस्सीच्या प्रकल्पाला आलेली बरीच मुलं अशीच सुरुवात करतात. संध्याकाळी पिशवी उघडली की आत वाफ धरलेली असते. त्या लोंब्यांतून आरएनए निघतोही, पण तो परागकोशाच्या कोणत्या अवस्थेतला, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि या विषयात अवस्था चुकली की पुढचं सगळंच चुकलं.

कारण परागकोशातले लघु-आरएनए, म्हणजे आरएनएचे वीस-चोवीस दुव्यांचे (न्यूक्लिओटाइडांचे) तुकडे, फार थोडा काळ हजेरी लावतात. मक्याच्या परागकोशांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. परागकोश जेमतेम ०.४ मिलिमीटरचा असतो, अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) सुरूही झालेलं नसतं, तेव्हा २१ न्यूक्लिओटाइडांचे फेझ-आरएनए (लांब आरएनएचे सारख्या अंतराने पाडलेले तुकडे) भरभरून दिसतात. २४ न्यूक्लिओटाइडांचे वाढतात ते विभाजनाच्या सुमारास. भातातही हेच दोन गट आहेत. एमआयआर-२११८ हा सूक्ष्म आरएनए एका लांब आरएनएला कापतो, त्याची दुहेरी साखळी बनते आणि डीसीएल-४ हे एन्झाइम तिचे २१-२१ चे तुकडे पाडतं. २४ च्या गटासाठी कापणारा एमआयआर-२२७५ आणि तुकडे पाडणारं डीसीएल-५. जुन्या लेखांत भाताच्या याच एन्झाइमला डीसीएल-३बी म्हटलेलं आढळेल. ती दोन वेगळी एन्झाइमं समजू नका.

म्हणून ‘लावणीनंतर इतके दिवस’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. एकाच लोंबीत वरची फुलं पुढे असतात, खालची मागे. अख्खी लोंबी कुटलीत तर चार-पाच अवस्थांची खिचडी होते. भाताच्या एका फुलात सहा परागकोश असतात, त्याचा फायदा घ्या. सुईने फूल उघडा, एक परागकोश काचपट्टीवर गुणसूत्रं रंगवणाऱ्या अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहा. उरलेले पाच त्याच अवस्थेचे धरून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. परागकोशाची लांबी आणि दिसलेली अवस्था वहीत शेजारी शेजारी लिहा. पन्नासेक फुलं झाली की नुसत्या लांबीवरूनही तुमच्या वाणाचा अंदाज येऊ लागतो. हे काम शेताच्या बांधावर होत नाही. त्यामुळे माझा आग्रह असतो की आजऱ्याहून बी आणा आणि प्रयोगशाळेजवळ कुंड्यांत लावा.

आरएनए काढतानाची एक चूक मी स्वतः केली आहे. नेहमीचं कॉलम किट (गाळणीसारख्या नळीत आरएनए धरून ठेवणारं) वापरलं, गुणवत्तेचा आकडा उत्तम आला, पण जेलवर लहान रेणूंची जागा कोरी. साधे कॉलम साधारण २०० न्यूक्लिओटाइडांपेक्षा मोठे रेणू धरतात; लहान रेणू खाली गळालेल्या द्रवात गेले होते आणि तो मी ओतून दिला होता. ट्रायझॉल या द्रावणाने काढा, नाहीतर लघु-आरएनएसाठीचंच किट घ्या. गुणवत्तेचा तो आकडा मोठ्या राइबोसोमल आरएनएवरून ठरतो, लहानांबद्दल तो काही सांगत नाही. १५ टक्क्यांच्या युरिया जेलवर डोळ्यांनी खात्री करा.

प्राण्यांवरचे लेख वाचून आलेले विद्यार्थी भातात पायआरएनए (प्राण्यांच्या जननपेशींतले लघु-आरएनए) शोधू लागतात. पायआरएनए पिवी प्रथिनांना धरून असतात आणि वनस्पतींत पिवी प्रथिनं नाहीतच. उंदरात मिवी हे पिवी कुळातलं प्रथिन काढून टाकलं तर शुक्रपेशी गोल अवस्थेतच अडकतात. पण ती यंत्रणा डायसर या आरएनए कापणाऱ्या एन्झाइमाशिवाय चालते, भातातली डायसरसारख्या एन्झाइमांवर (वरची डीसीएल). पेरिआयोडेट या रसायनाच्या चाचणीनेही इथे फसगत होते. टोकाला मिथाइल गट असलेला आरएनए त्या चाचणीत टिकतो म्हणून प्राण्यांत ती पायआरएनएची खूण मानतात. वनस्पतींत साध्या सूक्ष्म आरएनएच्या टोकालाही तो गट असतो.

विश्लेषणात लांबीच्या आलेखावर २४ चा उंचवटा दिसला की मुलं आनंदाने ‘फेझ-आरएनए सापडले’ असं लिहून मोकळी होतात. २४ न्यूक्लिओटाइडांचे एसआय-आरएनए हे दुसरे लघु-आरएनए तर पानातही ढिगाने असतात, उड्या मारणाऱ्या जनुकांना गप्प ठेवणारे. नुसती लांबी पुरावा होत नाही. रीड्स (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) एकाच ठिकाणाहून २४-२४ च्या पावलांनी निघतात का, आणि पहिलं पाऊल एमआयआर-२२७५ ने कापलेल्या जागी पडतं का, हे तपासा.

नरवंध्य (पराग न धरणाऱ्या) वाणावर काम करणाऱ्यांची चूक आणखी नाजूक. वंध्य परागकोशात फेझ-आरएनए कमी दिसले, म्हणून त्यांच्या अभावानेच वंध्यत्व आलं असा निष्कर्ष काढला जातो. ते बनवणाऱ्या पेशीच तोवर मेलेल्या असतील तर? तुलना करायची ती ऱ्हास डोळ्यांना दिसू लागण्याआधीच्या अवस्थेत, आणि वंध्य व सुपीक अशा दोन्ही वाणांत तीच अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली पाहून.

तापमानाची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. डीसीएल-५ नसलेला मका उष्ण हवेत नरवंध्य होतो आणि थंड हवेत त्याच मक्यात पराग धरतो. पावसाची झड आणि नंतरचा उन्हाचा ताव यांत कोल्हापुरात बराच फरक पडतो. कुंड्यांशेजारी कमाल-किमान तापमापी टांगा, आणि दोन्ही वाणांचे नमुने एकाच दिवशी, एकाच वेळी घ्या.