आकाशातून पडलेला दगड की एमआयडीसीतला स्लॅग? उल्कापाषाण ओळखताना या चुका टाळा

पावसाचा पहिला जोर ओसरला की माझ्या फोनवर दगडांचे फोटो यायला लागतात. घणसोलीच्या नाल्यात सापडलेला काळा गोळा, येऊरच्या वाटेवर उचललेला जड तुकडा, खारघरच्या टेकडीवरचा ‘जळलेला’ दगड. सोबत प्रश्न ठरलेला: हा उल्कापाषाण आहे ना? कधी त्याला एक शेपूटही असतं. यावर हिरवट चमक आहे, परग्रहावरचं काही असेल का?

यातला एकही दगड आजवर आकाशातला निघालेला नाही. पाठवणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही, कारण ठाणे-नवी मुंबई ही जागाच फसवी आहे. पायाखाली डेक्कन ट्रॅपचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या भट्ट्या, फाउंड्र्या आणि वर्कशॉपं. उल्कापाषाणासारखं दिसू शकेल असं जे जे काही आहे ते इथे ढिगाने पडलेलं आहे. त्यामुळे इथे चौकशी जमिनीपासून सुरू करायची आणि जमिनीवरचे सगळे संशयित सुटले की मगच वर बघायचं. लोक नेमकं उलटं करतात.

चुंबक चिकटला, म्हणजे झालं!

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. बहुतेक उल्कापाषाणांत लोह-निकेलचा मिश्रधातू असतो, म्हणून ते चुंबकाला ओढले जातात, हे बरोबर. पण चुंबकाला ओढला गेलेला प्रत्येक दगड उल्कापाषाण नसतो. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. पारसिकच्या डोंगरातला कुठलाही ताजा तुकडा घ्या, दोऱ्याला टांगलेला चुंबक जवळ नेला की तो हळूच त्याच्याकडे वळतो. उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला तेव्हापासून तर असा ताजा दगड चहूकडे झालाय.

दुसरा संशयित स्लॅग, म्हणजे भट्टीतून निघणारी मळी. कळवा-दिघा पट्ट्यात पोलाद वितळवलं जातं, रबाळे-महाप्यात ओतकाम चालतं. तिथला टाकाऊ माल कुठे भरावात, कुठे रस्त्याच्या कडेला, कुठे नाल्यात जातो. स्लॅग काळा असतो, जड असतो, वितळून गोठल्यासारखा दिसतो आणि त्यात लोखंडाचे थेंब राहिले असतील तर चुंबकाला कडकडून चिकटतो. नवशिक्याला उल्कापाषाणाचं जे वर्णन पाठ असतं ते स्लॅगला खऱ्या उल्कापाषाणापेक्षाही जास्त लागू पडतं!

मग स्लॅग ओळखायचा कसा? भोकं बघा. स्लॅगमध्ये वायूचे बुडबुडे गोठून राहतात, तुटलेल्या कडेवर गोल पोकळ्या स्पष्ट दिसतात. आपल्या पाषाणातही लाव्ह्यातल्या वायूची भोकं असतात, काही रिकामी, काही झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली. उल्कापाषाणांत अशी भोकं जवळजवळ नसतातच. पृष्ठभागावर अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात, पण तो खळगा आणि बुडबुड्याचं भोक यांत फरक आहे. भोक दिसलं की ठाणे-नवी मुंबईपुरती चौकशी तिथेच बंद केली तरी चालेल.

एक सूचना. हार्ड डिस्कमधून काढलेला जबरी चुंबक दगडावर घासू नका. दगड खरा निघाला तर त्यात साठलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद पुसली जाते. साधा चुंबक दोऱ्याला टांगा, तेवढं पुरतं.

‘गोल आहे, काळा आहे, चकाकतोय’

गोल दगडांचं खापर आकाशावर फोडू नका. काळा पाषाण हवेपाण्याने झिजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत गोल गाभा उरतो. घाटात रस्ता खोदला की कड्यात असे गोळेच्या गोळे दिसतात. अगदी गुळगुळीत, गंजलेला, पूर्ण गोल लोखंडी गोळा असेल तर तो बहुधा कारखान्यातल्या बॉल मिलचा, म्हणजे गोळ्यांनी माल दळणाऱ्या यंत्राचा. चकाकणारे स्फटिक म्हणजे गारगोटी किंवा झिओलाइट, आणि त्यासाठी महाराष्ट्र जगभर प्रसिद्ध आहे. हिरवी काच ही बहुतेकदा काचच असते.

नुकत्याच पडलेल्या उल्कापाषाणावर काळी, मंद, बहुधा मिलिमीटरभराची साल असते. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून ती बनते. तुकडा मोडलेला असेल तर आतला रंग फिकट राखाडी दिसतो. बाहेर काळा आणि आतही तितकाच काळा असा दगड हाती आला तर तो इथल्याच मातीचा असण्याची शक्यता दांडगी. मोजके अपवाद आहेत. जून २०१७ मध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडलेला कार्बनी उल्कापाषाण आतूनही काळाच होता, पण तो इतका ठिसूळ की पडल्यावर त्याचे तुकडे झाले.

वजन हातावर तोलणं

‘एवढासा दगड आणि केवढा जड!’ हा अंदाज कुचकामी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. आधी दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ५८० ग्रॅमच्या दगडाने काटा २०० दाखवला तर घनता २.९, म्हणजे आपला काळा पाषाण. सर्वसाधारण दगडी उल्कापाषाण ३.२ ते ३.८ च्या दरम्यान येतात, लोखंडी ७ च्या पुढे. स्लॅग मात्र दोन्ही गटांत घुसखोरी करतो, म्हणून एकट्या घनतेवर निकाल देऊ नका.

घरात उरलेली भिंतीची टाइल असेल तर तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासून पाहा. लालसर रेघ उठली तर हेमाटाइट हे लोहखनिज, ठसठशीत काळी उठली तर मॅग्नेटाइट. उल्कापाषाण सहसा रेघ उमटवत नाही, फार तर पुसट करडी.

यापलीकडे एक मुद्दा आहे, तो लोकांना पटत नाही. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लोह-निकेल असलेला दगड अशा हवेत गंजतो, भुगा होतो, मातीला मिळतो. जुने उल्कापाषाण अंटार्क्टिकाच्या बर्फात आणि सहाराच्या वाळवंटात सापडतात ते तिथे पाऊस नाही आणि काळा दगड उठून दिसतो म्हणून. कोकणपट्टीत ट्रेकला गेलं आणि शेकडो वर्षांपूर्वीचा उल्कापाषाण वाटेत मिळाला, हे फारसं घडणार नाही. इथे मिळाला तर तो ताजा पडलेला असेल, आणि तो पडताना कोणीतरी पाहिला-ऐकला असेल. काटोलला तसंच झालं होतं. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात भर दुपारी कडकडाट झाला आणि दगड लोकांच्या घरादारांत आले.

‘पारसिकच्या मागेच पडलं, मी पाहिलं’

वाशीच्या गच्चीवरून पूर्वेला अग्निगोल, म्हणजे फार तेजस्वी उल्का, उतरताना दिसतो, डोंगराआड जातो आणि माणूस गाडी काढून मुंब्र्याला निघतो. अग्निगोल विझतो तो बहुधा जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवर, पेटतो त्याहून कितीतरी वर. साठ किलोमीटर उंचीवरची ज्वाळा तुम्हाला क्षितिजापासून दहा अंशांवर दिसली तर ती तुमच्यापासून साधारण ३०० किलोमीटरवर आहे. म्हणजे पारसिक नव्हे, जालन्याच्या आसपास. पश्चिमेला दिसली असेल तर अरबी समुद्रात. विझल्यानंतर दगड अंधारातच खाली येतो, त्यामुळे जमिनीपर्यंत जळत आलेलं काही पाहिलं असेल तर ते दुसरं काहीतरी होतं. उल्कापाषाण लालभडक तापलेला मिळत नाही, त्याने गवत पेटत नाही आणि तो धोकादायक किरणोत्सारीही नसतो.

किती सेकंद दिसलं, हे नक्की मोजा. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि सहसा काही सेकंदांत संपते. मिनिटभर सावकाश सरकणारी, तुकड्यातुकड्यांची समांतर रेघ दिसली तर ते कोसळणारं रॉकेट किंवा उपग्रह. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अर्ध्या महाराष्ट्राने अशी रेघ पाहिली आणि तिला उल्कावर्षाव म्हटलं. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात मोठी धातूची रिंग आणि गोळे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी कक्षेवरून दाखवलं. माळेसारखे एकामागोमाग जाणारे ठिपके म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. एका जागी टांगल्यासारखा तेजस्वी दिवा म्हणजे तुमच्याच दिशेने येणारं विमान. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलच्या आकाशात अशा ‘यूएफओं’ची कमतरता नाही.

दगडावरून थेट एलियनपर्यंत उडी

परग्रहावरचा दगड भारतात पडलेला आहे, हे अनेकांना माहीत नसतं. बिहारमधल्या शेरगाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेला उल्कापाषाण मंगळावरचा आहे. हे कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात मिळालेल्या एका दगडात अडकलेला वायू १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी मोजलेल्या हवेशी जुळला, तेव्हा गाठ सुटली. असा पुरावा लागतो. हिरवट चमकेवर काही ठरत नाही.

मंगळावरचा दगड म्हणजे मंगळावरचे जीव नव्हेत. १९९६ मध्ये एएलएच ८४००१ या अंटार्क्टिकातल्या मंगळपाषाणात सूक्ष्मजीवांच्या खुणा दिसल्याचं नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष त्यावर बोलले. पुढे त्या खुणा जीवांशिवायही तयार होऊ शकतात, असं एकेका खुणेबाबत दाखवलं गेलं. अमिनो आम्लांचंही तेच. ऑस्ट्रेलियात १९६९ ला पडलेल्या मर्चिसन उल्कापाषाणात ती आहेत, बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ आहेत. जीव घडवायचा कच्चा माल अवकाशात आहे एवढंच यातून कळतं.

हा संयम पाहायचा तर जयंत नारळीकरांचा प्रयोग आठवावा. जीवाणू अवकाशातून येत असतील का, या प्रश्नासाठी हैदराबादहून बलून सोडून वीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. २००५ च्या उड्डाणातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि २००९ मध्ये इस्रोने त्या जाहीर केल्या. नारळीकर स्वतः या कल्पनेच्या बाजूचे होते, तरीही हे जीवाणू बाहेरूनच आले असं यावरून सिद्ध होत नाही, हे त्या निवेदनात साफ म्हटलेलं होतं. मला तो प्रयोग त्या एका वाक्यासाठी जास्त आवडतो.

संदेशांची गतही निराळी नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं अधूनमधून विचित्र रेडिओ स्पंदनं मिळायची. २०१५ मध्ये उगम सापडला तो तिथल्याच पँट्रीत: मायक्रोवेव्ह चालू असताना कोणी घाईने दार उघडलं की स्पंदन! जुलै २०२५ मध्ये सापडलेला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला ३आय/अ‍ॅटलास हा धूमकेतूही आपल्याकडे बातम्यांत ‘एलियनचं यान’ झाला. त्याच्याभोवती धूळ आणि वायूचं आवरण होतं, सूर्याजवळून तो धूमकेतूसारखाच गेला. परग्रहावर कुणी असेल का, हा प्रश्न मला हास्यास्पद वाटत नाही. पण आधी पँट्री तपासायची.

पैशाचा वास

‘अंतराळातली वस्तू नासा कोटींना विकत घेते’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. विजेने भारलेलं तांब्याचं भांडं तांदूळ ओढतं, म्हणजे ‘राइस पुलर’, या नावाखाली देशभर फसवणुका झाल्या आहेत. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या बापलेकांनी तर किरणोत्सारापासून बचावाचे पोशाख घालून चाचणीचं नाटक केलं होतं आणि एका व्यापाऱ्याकडून कोटभराहून जास्त रक्कम उकळली होती. उल्कापाषाण घेऊन फिरणारे दलाल याच गोत्रातले. ‘चाचणी फी’ आगाऊ मागितली की ओळख पटली.

आणि खरंच पडला तर?

धुऊ नका, फोडू नका, अ‍ॅसिड लावू नका, देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकूही वाहू नका. पावसाळा असेल तर आधी कोरडा ठेवा: स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद पिशवीत. उघड्या हातांनी शक्यतो उचलू नका. देशात उल्कापाषाणांचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, आणि अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत त्यांचा बारकाईने अभ्यास होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरातेत दियोदरजवळ पडलेला दगड तिथेच तपासला गेला आणि ऑब्राइट या फार दुर्मीळ जातीचा निघाला. तो लोकांनी लगेच उचलून जपला, म्हणून हे कळू शकलं. पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात कळवलं तरी बातमी पुढे पोहोचते.

वेळ, दिशा, आवाज किती उशिराने आला, हे लगेच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचं ऐकून आपलीच आठवण बदलते. फोनचं लोकेशन चालू करून पहिला फोटो दगड उचलण्याआधी काढा. खड्डा आणि आजूबाजूची जागा दिसू द्या, आणि मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.