स्प्रिंटचे वॅट जातात कुठे? या चुका टाळा

रविवारची सायकल राइड संपली की नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या चहाच्या टपरीवर आम्ही थांबतो. घाम पुसायच्या आधी मोबाइल बाहेर निघतात, पॉवर मीटरने मोजलेले वॅट, म्हणजे पॅडलला दिलेली शक्ती, बघायला. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका पोराने स्क्रीन माझ्यापुढे धरली. "भाऊ, बघा, 1,412 वॅट!" आकडा खरा होता. पण त्या सकाळी मिहानमधल्या रिकाम्या रस्त्यावर ठरलेल्या खांबापर्यंत जो स्प्रिंट झाला, त्यात तो चौथा आला होता. पहिल्या आलेल्याच्या स्क्रीनवर सर्वोच्च आकडा होता 1,130. "मग मी हरलो कसा?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचं उत्तर टपरीवर उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं.

एका सेकंदाच्या आकड्यावर भाळणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर.

व्यावसायिक रोड स्प्रिंटर ताजातवाना असताना साधारण 1,300 ते 1,600 वॅटपर्यंत जातो. काही धिप्पाड गडी त्याच्याही वर जातात. ट्रॅकवरचे स्प्रिंटर 2,000 ओलांडतात. हे आकडे वाचून आपण आपला सर्वोच्च आकडा त्यांच्याशेजारी ठेवतो आणि खूश होतो. पण खऱ्या शर्यतीच्या शेवटच्या स्प्रिंटमध्ये जिंकणाऱ्यांचे आकडे बरेचदा यापेक्षा कमी असतात. सर्वोच्च 1,200 ते 1,300 च्या आसपास आणि 12-14 सेकंदांची सरासरी हजाराच्या जवळपास. हे येतं चार-पाच तास आणि 180-200 किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर. त्याच्याही आधीची दहा मिनिटं सरासरी 300 वॅटच्या वर गेलेली असतात आणि शेवटचं मिनिट 500 च्या घरात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे पाय जिथे भरून येतात आणि छाती फुटायला लागते, तिथून त्यांचा स्प्रिंट सुरू होतो.

हजार वॅट म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फोर्स्टेमान आठवावा. 700 वॅटचा टोस्टर सायकलवर चालवून त्याने पाव भाजला होता. साधारण मिनिटभराचं काम, पण संपल्यावर तो गडी जमिनीवर आडवा झाला होता. मांड्या पाहिल्या तर तो माणूस डोंगर आहे.

तेव्हा स्क्रीनवर सर्वोच्च आकडा बघायचा नाही, 15 सेकंदांची सरासरी बघायची. आमच्या पोराची ती निघाली 760. पहिल्या आलेल्याची 840. एका दिवशी वॉर्मअप करून ताज्या पायांनी स्प्रिंट मारा, दुसऱ्या रविवारी अडीच तास चालवून झाल्यावर तोच स्प्रिंट मारा, आणि दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की दुसरी सरासरी पहिलीपेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त पडली, तर त्या माणसाला कमी पडतोय तो दम, ताकद नव्हे. त्याने जिम वाढवून काही होणार नाही.

एक शंका आधीच फेडून घ्या: मीटर खरं बोलतोय का? मध्येच 2,300 असा एखादा सुळका दिसला तर तो तुमचा नाही, सेन्सरचा आहे. एकाच क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) बसणारं मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून सांगतं. डावा पाय जोरकस असेल तर फुगवतं, अधू असेल तर अन्याय करतं. तापमान बदललं की शून्याची खूण सरकते. कूलरच्या खोलीतली सायकल मे महिन्यात थेट उन्हात काढली तर दहा मिनिटं बाहेर उभी ठेवा आणि मग शून्य सेट करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दर वेळी करावं लागतं.

टीव्हीवर बघून 200 मीटर पकडणं

व्यावसायिक शर्यतीत शेवटच्या 200-250 मीटरला स्प्रिंटर पुढच्याच्या आडोशातून बाहेर पडतो हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो ताशी 60 किलोमीटरच्या पुढे असतो. त्या वेगाला 200 मीटर म्हणजे 12 सेकंद. आपण ताशी 50 ने चाललो तर तेच अंतर साडेचौदा सेकंदांचं होतं. आणि उत्साहाच्या भरात 300 मीटरला उठलो तर जवळजवळ 22 सेकंदांचं.

या सेकंदांमागे शरीराचं गणित आहे. स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा (झटपट ऊर्जा देणाऱ्या इंधनाचा) साठा पूर्ण जोर लावला की दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. त्यानंतर तुम्ही कितीही दात-ओठ खाल्ले तरी वॅट घसरतातच. आमच्या पोराच्या राइडची नोंद असलेली फाइल उघडली तेव्हा हेच दिसलं: चौथ्या सेकंदाला 1,412, नवव्याला 900 आणि विसाव्याला 480. त्याने वारा फोडला आणि बाकीचे तिघे त्याच्या मागे आरामात बसून आले. मागच्या माणसाला हवेचा विरोध साधारण एक तृतीयांश कमी लागतो. त्याने त्यांना फुकटचा लीडआउट दिला, म्हणजे पुढे राहून वारा फोडत शेवटापर्यंत नेलं.

म्हणून मीटर मोजू नका, सेकंद मोजा. तुमचा जोर किती सेकंद टिकतो ते फाइलमध्ये बघा, त्याला तुमच्या वेगाने गुणा, आणि शेवटच्या रेषेच्या तेवढंच अंतर आधी रस्त्यातली एखादी खूण हेरून ठेवा. समोरून वारा असेल तर अजून उशिरा निघा. पाठीशी असेल तर थोडं आधी.

वॅट वाढवायचे, पण छाती ताठ

हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 50 वरून 55 वर जायचं म्हणजे वेग फक्त एक दशांशाने वाढला, पण हवेसाठीची शक्ती एक तृतीयांशाने वाढली. साधारण बांध्याच्या माणसाला ड्रॉप्सवर (हँडलबारच्या खालच्या वळलेल्या भागावर) वाकून 50 ला 460 वॅट लागत असतील तर 55 ला 612 लागतील, तेही फक्त हवेसाठी. जो हूड (ब्रेकच्या वरचा भाग) धरून, कोपर ताठ करून उभा राहतो त्याचा हिशोब याहून वाईट.

ब्रिटनचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश 1.75 मीटर उंच. जर्मनीचा मार्सेल किटेल 1.88 मीटर, त्याच्यापेक्षा कितीतरी भरभक्कम. किटेलकडे नुसता वॅटचा पूर होता आणि त्याने टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीचे 14 टप्पे जिंकले. कॅव्हेंडिशने जिंकले 35. शेवटचा 2024 साली, वयाच्या 39 व्या वर्षी, बेल्जियमच्या एडी मर्क्सचा 34 चा विक्रम मोडत. त्याचं डोकं हँडलबारवर जवळजवळ टेकलेलं असायचं. ऑस्ट्रेलियाचा केलेब यूअन तर त्याहून छोटा, आणि त्याचं नाक पुढच्या चाकाच्या वर लोंबत असायचं. हुबेहूब यूअनसारखं करू नका, पुढच्या चाकावर एवढा भार घेऊन सायकल सरळ ठेवायला वर्षं लागतात. पण ड्रॉप्स धरणं, कोपर वाकवणं आणि डोळे रस्त्यावर ठेवणं हे आजपासून जमतं.

मान खाली घालून क्रँककडे बघत स्प्रिंट मारणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे सोडा. 2020 च्या टूर ऑफ पोलंडमध्ये काटोविसला स्प्रिंटमध्ये डिलन ग्रोनेवेगनने आपली सरळ रेषा सोडली आणि शेजारचा सायकलपटू फाबिओ याकोबसेन कठड्यावर आदळला. त्याला कोमात ठेवावं लागलं. ग्रोनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. याकोबसेन परत आला आणि 2022 च्या टूर द फ्रान्समध्ये टप्पाही जिंकला, पण तिथे कठडे होते, डॉक्टर पाठीमागच्या गाडीत होते. आपल्याकडे दुभाजक आहेत, उलट्या बाजूने येणारी दुचाकी आहे, मध्येच बसलेली गाय आहे. महामार्गावर स्प्रिंट मारायचाच नाही. समृद्धीवर तर दुचाक्यांनाच बंदी आहे, त्या गुळगुळीत रस्त्याचा मोह कुणालाही पडला तरी तिकडे वळू नका. पहाटेचा रिकामा, सरळ, दोन्ही बाजूंनी दिसणारा रस्ता शोधा आणि आधी एकदा हळू चालवत खड्डे, खडी बघून घ्या.

जड गिअर

पुढे 53 दातांचं चक्र, मागे 11 दातांचं. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल दहा मीटरहून थोडी पुढे जाते. 70 च्या कॅडेन्सला, म्हणजे मिनिटाला पॅडलचे 70 फेरे मारत, हा गिअर घातला तर तुम्ही ताशी 43 च्या आसपास आहात, आणि 1,000 वॅट काढायला पॅडलवर सरासरी 80 किलोइतका जोर हवा. कॅडेन्स 100 असेल तर तेच हजार वॅट 56 किलोत निघतात. स्नायूंचा सर्वाधिक वॅट साधारण 110 ते 130 च्या दरम्यान मिळतो. स्प्रिंट सुरू करताना कॅडेन्स शंभरीच्या आसपास असेल असा गिअर ठेवा, वेग वाढला की मग एक जड गिअर टाका.

विश्रांती न घेता स्प्रिंटचा सराव

सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पोरं एका मागोमाग एक दहा स्प्रिंट मारतात, मध्ये मिनिटभर दम घेतात. घाम येतो, समाधान वाटतं. पण त्या फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तिसऱ्या स्प्रिंटपासून पुढचे सगळे अर्धेमुर्धे होतात. तो दमाचा व्यायाम झाला, स्प्रिंटचा नाही. पाच किंवा सहा मारा, मध्ये पाच मिनिटं हलक्या पायांनी फिरा. आकडा एक दशांशाने पडला की त्या दिवसाचं काम संपलं.

याच्या उलट चूकही आहे: स्प्रिंटर म्हणवणारा लांब राइड टाळतो. 2018 च्या टूर द फ्रान्समध्ये ला रोझिएरच्या चढाच्या टप्प्यावर कॅव्हेंडिश आणि किटेल दोघेही वेळेच्या मर्यादेबाहेर गेले आणि स्पर्धेतून बाद झाले. ज्याला आल्प्स ओलांडता येत नाही त्याला पॅरिसची फिनिश लाइन दिसत नाही. आपल्याकडे आल्प्स नाहीत, पण काटोलपर्यंत जाऊन यायचं अंतर आहे. आठवड्यातून एकदा ते हवंच.

मेमधला वेग खरा मानणं

ही चूक खास आपली. डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि मेच्या पहाटे 30 अंश, यात हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ होते. तेवढ्याच वॅटला ताशी 55 च्या वेगात किलोमीटरभर जास्त मिळतो. गरम स्नायू छोट्या स्प्रिंटला उलट मदतच करतात. म्हणून मेमध्ये वेग वाढलेला दिसतो आणि वाटतं, सुधारलो. सुधारणा बघायची तर वॅट बघा आणि त्याच महिन्यातल्या जुन्या राइडशी तुलना करा. आणि दोन तासांनी शरीर तापलं की तोच उन्हाळा सगळं परत घेतो: नाडी वर, वॅट खाली. सात वाजायच्या आत सराव संपवा, बाटलीत नुसतं पाणी नको, मीठ-साखर हवी. डोकं गरगरलं, घाम थांबला किंवा काटा आला तर तिथेच सावलीत बसा आणि कुणाला तरी हाक मारा.

साखळी

मी स्वतः पडलो ते साखळीमुळे. ताणलेली साखळी, झिजलेला कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच), मी महिनाभर पुढे ढकललं, आणि पूर्ण जोर लावल्या क्षणी दात सुटला. कॉलरबोन गेलं, सहा आठवडे सायकल भिंतीला. साखळी मोजायची पट्टी फार महाग नाही. 0.5 टक्के ताण दिसला की साखळी बदला. जास्त थांबलात तर कॅसेटही जातो. स्टेमचे (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट, क्लीटचे (बूट पॅडलला अडकवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि मागच्या चाकाचा क्विक रिलीज (चाक घट्ट धरणारा खटका) शनिवारी रात्री हाताने तपासा.

आमचा तो पोरगा गेल्या रविवारी दुसरा आला. सर्वोच्च 1,260, पंधरा सेकंदांची सरासरी 835. उठला बरोबर जागी, वाकलाही होता. पण फाइलमध्ये सुरुवातीचा कॅडेन्स 82 दिसतोय. या रविवारी तो मागे एक गिअर हलका ठेवून निघणार आहे.