बॅटरी कात्रीने द्राक्षछाटणी : या चुका टाळा

नाशिक-सांगलीकडच्या बागांत छाटणीसाठी बॅटरीवरची कात्री आता सर्रास दिसते. काम झपाट्याने उरकतं, संध्याकाळी मनगट भरून येत नाही. पण हात मात्र साध्या कात्रीच्याच सवयीचे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

साध्या कात्रीत बोट आलं की मूठ आपोआप सैल पडते, कारण जोर आपलाच असतो. इथे जोर मोटरचा. २५-३० मिलिमीटर जाडीचं लाकूड क्षणात तोडणारं पातं बोटापाशी थांबत नाही. रबरी किंवा सुती हातमोजाही ते अडवू शकत नाही. काही महागड्या कात्र्यांत बोटाला पातं टेकताच मोटर थांबवणारी सोय असते. तुमच्या कात्रीत ती नाही असं समजूनच काम करा.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक डाव्या हाताची. काडी ओढून धरायची आणि कापाच्या अगदी जवळ पकडायची, ही जुनी खोड. वाय (Y) आकाराच्या मांडवात ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, तारेवर बांधलेलाच असतो, बहुतेक काड्या धरायची गरजच नसते. धरावीच लागली तर कापापासून किमान वीतभर लांब. तोडलेली काडी तारेत अडकली तर आधी ट्रिगर सोडा, पातं मिटवा, मग ओढा. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने त्याच वेलीच्या काड्या ओढायच्या, हे घाईच्या दिवसांत फार चालतं. मुकादमाने ते पहिल्याच दिवशी बंद करावं. ओढणारा माणूस दोन वेली मागे राहिला तरी काम अडत नाही.

एका वेलीवरून दुसऱ्या वेलीकडे जाताना ट्रिगरवर बोट ठेवू नका. ओळ बदलताना, पाणी प्यायला थांबताना पातं मिटवून कात्री बंद करा. उघड्या पात्याची चालू कात्री तारेला लटकवणं म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

पातं लाकडात अडकलं की लोक कात्री पिरगाळतात. त्याने धार तुटते, कधी पातंच वाकतं. ट्रिगर सोडून पातं उघडतं का पाहा. नाहीच उघडलं तर बॅटरी काढा, मगच हात लावा. जुनं जाड खोड करवतीनेच कापायचं. तारेवर पातं बसून खाच पडली असेल तर ते बदला.

काप स्वच्छ न येता साल सोलली जातेय? धार गेलेली असते, नाहीतर दोन पात्यांत फट पडलेली असते. बॅटरी काढून बोल्ट इतकाच आवळा की पातं डगमगणार नाही आणि जामही होणार नाही. धार फक्त तिरक्या बाजूला लावायची. सपाट बाजू घासली की फट वाढते आणि नवीन पात्यावर खर्च होतो.

एप्रिलच्या खरड छाटणीत (द्राक्षं काढल्यानंतरच्या छाटणीत) बॅटरी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा, चार्जर तिचाच वापरा. फुगलेली बॅटरी पुन्हा लावून पाहायचा मोह नको.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची असते. हे रसायन त्वचेला घातक आहे, तेव्हा हाताला चिरा पडलेल्या माणसाला त्या कामावर ठेवू नका.

इतकं करूनही बोट कापलं तर हळद किंवा कॉफी भरत बसू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. १०८ ला फोन करा आणि तुकडा जोडणारा सर्जन कुठल्या रुग्णालयात आहे, ते निघतानाच विचारून घ्या.